करियाचं लंघन

गुरम्माने चुलीतली मूठभर राख आणून करियाच्या ओकारीवर टाकली आणि तिथेच उकिडवी बसून राहिली. राख लगेच भिजली. तिच्या कडेने एक लाल ओघळ बाहेर आला.

परसात अजून नीट उजाडलं नव्हतं. गोठ्याच्या भिंतीशी करिया चारी पाय ताणून उभा होता. त्याचं पोट आत-बाहेर होत होतं. आणखी एक उबळ आली, थोडं पिवळं पाणी पडलं, आणि मग जणू आपण काही केलंच नाही अशा थाटात तो शेपूट हलवत आला आणि गुरम्माचा हात चाटू लागला.

"आवो, हिकडं या की," तिने घरात हाक दिली. "रक्त ओकलं यानं."

धोंडप्पा लिंगपूजेला बसायच्या बेतात होते. कपाळावर अर्धीच विभूती ओढलेली, अंग उघडं, तसेच ते मागच्या दारात आले. सोलापुरात बाळीवेशीत घराच्या पुढच्या बाजूलाच त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं, आणि ज्या जनावराला दूध देता येत नाही की गाडी ओढता येत नाही, त्याचं त्यांना कधीच कौतुक नव्हतं.

"कुत्रं हाय ते. गवत खाईल, बरं हुईल."

"आठवडाभर गवतच खातंय. खातंय आन् ओकतंय. आता हे बघा."

धोंडप्पांनी वाकून पाहिलं. लाल रंग दिसताच ते सरळ झाले आणि आत गेले. परत आले तेव्हा अंगात कोट होता आणि डोक्याला रुमाल. पूजा राहिली होती. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

"टांगा आणतो," ते म्हणाले.

गुरम्माने पळसाचं पान घेतलं, त्यावर ती ओकारी राखेसकट सावडून घेतली आणि पानाची पुडी बांधली. डॉक्टरला दाखवायला हवी. गेल्या खेपेस रक्त पडलं तेव्हा दाखवायला उशीर झाला होता.

गेल्या खेपेस म्हणजे मुलाच्या, शिवपुत्रच्या वेळी.

करिया शिवपुत्रचा. धनगरांच्या तळावरून हे एवढंसं पिल्लू तो कोटाच्या खिशात घालून घेऊन आला होता. काळं म्हणून करिया. पुढे पिल्लाचा चांगला दांडगा कुत्रा झाला, शिवपुत्रचं लग्न झालं, अक्कलकोटकडची दाक्षायणी सून म्हणून घरात आली. मग यंदा संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठता उठता शिवपुत्र तापाने पडला. वैद्य म्हणाले, मुदतीचा ताप आहे, मुदत संपेपर्यंत पोटात अन्न जाता कामा नये. त्या काळी सगळेच असं सांगत आणि सगळेच तसं करत. गुरम्मानेही केलं, आणि ती करायला बसली की कुणाचं ऐकणारी नव्हती. तिने स्वयंपाकघराला कडी घातली. सुनेला बजावलं, "त्यो काय बी मागू दे. एक घास पोटात गेला तर ध्यानात ठेव, जबाबदार तू."

तो मागत असे. आधी मोठ्याने, रागावून, नंतर हळू. "अव्वा, भाकरी दे की," एवढंच. मग एके दिवशी त्याला खालून रक्त पडलं, आणि मग त्याने मागायचंही सोडलं.

पोरगा उपाशी गेला. लोक देवाची मर्जी म्हणाले, वैद्य दैव म्हणाले. गुरम्माच्या मनात मात्र 'उपाशी गेला' एवढं एकच वाक्य राहिलं होतं, आणि ते ती कुणाजवळ बोलत नव्हती.

तेव्हापासून तिच्या गळ्याखाली घास उतरेना. पण त्या घरात ताटात टाकायची सोय नव्हती. लिंगाला दाखवून वाढलेलं अन्न म्हणजे प्रसाद. त्याचं शीत सोडायचं नाही, ताट बोटाने निपटून घ्यायचं, त्यातच पाणी घालून धुवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. धोंडप्पांच्या आजोबांपासूनची ही शिस्त. त्या घराने दुष्काळ पाहिला होता तसं मरणही पाहिलं होतं, पण खरकटं ताट कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून गुरम्मा ताट पदराखाली घेऊन परसात दगडी दोणीपाशी जाई. करिया तिथे येऊन उभाच असे. भाकरी, भात, आमटी, सगळं तो दोन-चार घासांत संपवी. मग ती ताट धुई आणि ते पाणी पिऊन टाकी. तेवढं तरी खोटं तिच्याने होत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर करिया चपाचपा खात असताना तिला बरं वाटे. ज्याला द्यायचं होतं त्याला दिलं नाही, निदान त्याच्या कुत्र्याला तरी.

जेवायला तिघं तीन वेळेला बसत. आधी माजघरात धोंडप्पा एकटे, मग गुरम्मा, मग सगळं आवरून चुलीपुढे दाक्षायणी. कोण किती जेवलं हे कुणी पाहत नसे. दिसत ती फक्त पालथी घातलेली लख्ख ताटं. त्यांतलं सुनेचं ताट पाहिलं की गुरम्माच्या अंगाचा भडका उडे. जेवते ही. नवरा गेला तरी पोटभर जेवते. वर मागल्या आठवड्यात खलबत्ता घेऊन शेंगाची चटणी कुटत बसली होती! गुरम्माला पित्ताने चटणी सोसत नव्हती, धोंडप्पांना दात नव्हते. म्हणजे हे चोचले स्वतःचेच.

त्या दिवशी तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं. "हिला माहेरी धाडा. मला बघवत न्हाय."

धोंडप्पांनी कारण विचारलं नाही. सुनेच्या भावाला निरोप गेला. कल्लप्पा गाडी घेऊन सोलापूरच्या बाजाराला यायचाच होता, जाताना बहिणीला घेऊन जाईन म्हणाला. तो दिवस आजचा.

दाक्षायणीने काही विचारलं नव्हतं. फक्त एवढंच म्हणाली होती, "अत्ती, करियाला नेऊ का संगं?"

"न्हाय," सासूने सांगितलं होतं.

सात रस्त्याच्या पुढे गुरांचा सरकारी दवाखाना होता. टांग्यात करिया धोंडप्पांच्या मांडीवर बसला, कारण खाली बसवला की तो कुंथत होता. सबंध वाटेवर धोंडप्पा त्याच्या मानेवर हात ठेवून होते. कोट खराब झाला, तरी एका शब्दाने बोलले नाहीत. गुरम्माला ते नवल वाटलं, पण तिचं लक्ष हातातल्या पुडीकडे होतं.

डॉक्टर चाळिशीचे, काळी टोपी घातलेले, पुण्याकडचे असावेत. समोर एका म्हशीचं काम चाललं होतं ते उरकून त्यांनी हात धुतले, करियाला टेबलावर घेतला, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, शेपटी उचलून ताप पाहिला. करियाने तेवढ्यात त्यांचा कान चाटून घेतला.

"खायला काय घालता?"

"सकाळ-संध्याकाळ भाकरीचा तुकडा," धोंडप्पा म्हणाले. "तेवढंच."

गुरम्मा खाली पाहू लागली.

"नाक ओलं आहे, डोळे स्वच्छ, ताप नाही. कुत्रं चांगलं धट्टंकट्टं आहे हो. पोट बिघडलंय, दुसरं काही नाही."

"आन् हे रक्त?" गुरम्माने पुडी उलगडली.

डॉक्टरांनी पान उजेडात धरलं. काडीने राख बाजूला केली, वास घेतला आणि पान पुन्हा तिच्यापुढे धरलं.

"हे रक्त नाही, बाई. शेंगाची चटणी आहे. या गावी बदली झाल्यापासून रोज माझ्या डब्यात असते, मला नाही ओळखू येणार?" मग काडीनेच दाखवत ते म्हणाले, "हा भात. ही आमटीतली डाळ. आणि हे दूध फाटलंय, त्यात भाकरी कुस्करलेली. भाकरीचा तुकडा म्हणता? याला घरातलं कुणीतरी ताटंच्या ताटं घालतंय. एक माणूस नव्हे, मला तर वाटतं जास्तच."

गुरम्मा चटणीकडे पाहत होती. धोंडप्पा दारातून टांग्याच्या घोड्याकडे पाहत होते.

"औषध?" त्यांनी विचारलं.

"कशाला औषध? आज लंघन. पाणी थोडं थोडं, बाकी काही नाही. उद्या सकाळी तांदळाची पातळ पेज, ती पचली की ताकातला मऊ भात. परवा उड्या मारेल."

लंघन हा शब्द ऐकून गुरम्माने टेबलाची कड धरली.

"उपाशी ठिवायचं?"

"एक दिवस."

"त्यो मागंल की."

"मागेल तर. मागू द्या."

"आन् उपाशी मेलं तर?"

डॉक्टर हसले. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना काय माहीत. "एका दिवसाच्या लंघनाने कुणी मरत नसतं, बाई," ते म्हणाले आणि दुसऱ्या जनावराकडे वळले.

परतताना गिरणीचा भोंगा झाला तेव्हा करियाने नेहमीसारखी मान वर केली, पण ओरडला नाही. घरी आल्यावर धोंडप्पांनी त्याला गोठ्याच्या खुंट्याला बांधलं आणि राहिलेली पूजा करायला गेले.

दाक्षायणी चुलीपुढे भाकरी थापत होती. दारामागे तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. एवढ्या दिवसांच्या संसाराचं ते एवढंसंच गाठोडं. गुरम्मा उंबऱ्यावर बसली.

"रक्त न्हवतं ते," ती म्हणाली. "चटणी हुती."

सुनेचे हात थांबले. परातीतली भाकरी अर्धवट थापलेलीच राहिली.

"कुणासाठी कुटलीस चटणी?"

तवा तापून धूर निघू लागला तरी तिने तो उतरवला नाही.

"त्यांनी मागितली हुती," शेवटी ती म्हणाली. "शेवटच्या दिसांत. चटणी-भाकरी, एकच घास, म्हनले. तुमी निजला हुता. कडी काढून म्या हातात घेतली बी हुती. मग परत ठिवली."

"का?"

हा प्रश्न आपण विचारायला नको होता हे गुरम्माला तोंडातून निघता निघताच कळलं.

"तुमचं भ्याव वाटलं, अत्ती," सून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "दिली असती तर तुमी काय केलं असतं, मारलं असतं मला. इतकंच की. पर दिली न्हाय. आता माज्या घशाखाली काय बी उतरत न्हाय. ताटात टाकता येत न्हाय. मग करियाला घालते. गवऱ्यांच्या ढिगामागं येतो त्यो."

गुरम्मा उठली. काहीतरी बोलायला हवं होतं. मीही घालते, दोणीपाशी, एवढं जरी म्हणाली असती तरी चाललं असतं. पण सासूपणाची इतक्या दिवसांची सवय तिच्या जिभेवर बसलेली होती. तिने सुनेच्या हातातली परात ओढून घेतली आणि भाकरी स्वतः थापून तव्यावर टाकली.

दुपारी कल्लप्पा आला. थोराड, अबोल माणूस. बहिणीच्या नवऱ्याचं नाव निघेल या धास्तीने आधीच संकोचलेला. जेवायचं म्हणाल्यावर, अडत्याकडे जेवून आलो म्हणाला आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. ऊन उतरायच्या आत निघायला हवं, बैलांना लांबचा पल्ला आहे, एवढं मात्र त्याने सांगून ठेवलं.

गुरम्माने माजघरात तीन पाट मांडले.

"हे काय?" धोंडप्पांनी विचारलं.

"आज संगं बसू. ती जानार हाय."

ते दाक्षायणीकडे न पाहता बसले. तीही भिंतीशी अंग चोरून बसली. सासऱ्याच्या पंक्तीला बसायची ही तिची पहिलीच वेळ. गुरम्माने वाढलं: धोंडप्पांना दुधात भाकरी, आपल्याला आमटी-भात, सुनेला भाकरी आणि एका कडेला चटणी. जेवताना बोलायचं नाही ही त्या घराची रीत, त्यामुळे बोलायचा प्रश्न नव्हता. फक्त परसातून करियाचं कुईकुई ऐकू येत होतं. त्याला अन्नाचा वास लागला होता.

तिघांनीही खाल्ल्यासारखं केलं. गुरम्मा भात कालवत राहिली. दाक्षायणीने एक घास तोंडात घातला आणि तो गालात तसाच ठेवून दिला. धोंडप्पा दुधात भाकरी कुस्करत होते. ती कधीच लगदा झाली होती, तरी कुस्करत होते.

मग ते उठले. ताट हातात घेतलं, खांद्यावरचा पंचा त्यावर ओढला आणि नेहमीच्या पावलांनी मागच्या दाराकडे निघाले.

त्या पावलांचा आवाज येताच परसात करियाने उडी घेतली. दोर ताठ झाला. तो दोणीकडे ओढत नव्हता, गवऱ्यांच्या ढिगाकडेही नव्हता. न्हाणीच्या मागे सरकीची रिकामी पोती रचलेली होती, तिकडे तो सगळं बळ लावून ओढत होता, शेपटी हलवत, भुंकत.

धोंडप्पा दारातच थबकले. आज लंघन आहे हे त्यांना तिथे पोचल्यावर आठवलं असावं. ताट पंच्याखालीच राहिलं. दोघींकडे त्यांची पाठ होती, आणि ती रुंद पाठ हळूहळू हलू लागली. शिवपुत्रला मूठमाती देतानाही ते रडले नव्हते. गावात त्यांच्या धीराचं कौतुक झालं होतं.

गुरम्माने ते पाहिलं आणि मान फिरवली. एकाच छताखाली राहून तीन माणसं तीन कोपऱ्यांत तेच करत होती, आणि तिने त्यांतल्या एकीला घराबाहेर काढायला घेतलं होतं.

दाक्षायणीने ताट पुढे सारलं होतं. भाकरी जवळजवळ तशीच होती. आता ती टाकायची कुठे, या विचारात ती बसलेली दिसत होती. सबंध आयुष्यात तिने ताटात काही सोडलं नव्हतं. गुरम्माने हात लांब करून ते ताट आपल्याकडे ओढलं.

"अत्ती, उष्टं हाय ते," दाक्षायणी जेवणाची रीत विसरून म्हणाली.

सुनेचं उष्टं सासूने खाल्लेलं त्या पेठेत कुणी ऐकलं नव्हतं. गुरम्माने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. तिखट होती. शिवपुत्रला आवडायची तेवढी तिखट. घास घशाशी अडला, तिने तो पुन्हा चावला, पुन्हा गिळायला पाहिला, आणि शेवटी तो गेला. मग तिने दुसरा तुकडा मोडला.

पुढच्या दारातून कल्लप्पाची हाक आली.

"अव्वा, गाडी जुपली हाय. धाडता न्हवं अक्काला?"

कुणीतरी अव्वा म्हणाल्यासरशी गुरम्माचा हात थांबला. दाक्षायणी उठू लागली. गुरम्माचं तोंड भरलेलं होतं, तिला बोलता येईना. तिने डाव्या हाताने सुनेचं मनगट धरलं आणि तिला पुन्हा पाटावर बसवलं. आणि धरूनच ठेवलं. दाक्षायणीने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग दारामागच्या गाठोड्याकडे, आणि मग तिने तोंडावर पदर ओढला.

"अव्वा?" पुन्हा हाक आली.

उत्तर धोंडप्पांनी दिलं. ते अजून मागच्या दारातच उभे होते, पाठमोरे, हातात ताट घेऊन. आवाज मात्र दुकानातला, मोठा.

"जेवायला बसल्यात त्या," ते म्हणाले. "बैल सोड."

कल्लप्पा पायरी उतरून गेला. मग जू उतरवल्याचा आवाज आला. धोंडप्पा परत आले, पाटावर बसले आणि गार झालेल्या दुधात त्यांनी बोटं घातली.

गुरम्मा चावत होती. एक एक तुकडा, सावकाश. अजून बरीच भाकरी उरली होती. परसात करिया भुकेने रडत होता, आधी मोठ्याने, नंतर हळू. तिघंही ते ऐकत जेवत होती. त्याला उद्या सकाळपर्यंत काही द्यायचं नव्हतं.